पोस्टरवरचे कोटी कोणाच्या खिशात जातात?

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि सोमवारी सकाळी पोस्टर येतं. मधोमध हिरो, खाली केशरी रंगात भलामोठा आकडा, त्यापुढे ‘कोटी’ आणि ‘प्रेक्षकांचे मनःपूर्वक आभार’. मग दिवसभर भांडणं. एका हिरोचे चाहते म्हणतात आमचा मोठा, दुसऱ्याचे म्हणतात तुमचा आकडा फुगवलेला. मराठीवाले म्हणतात शो दिले असते तर आम्हीही दाखवलं असतं. मी या भांडणांत पुष्कळ वेळ घालवलाय आणि माझं मत असं झालंय की बहुतेकजण एकमेकांशी वेगवेगळ्या आकड्यांवरून भांडत असतात. एकाच सिनेमाचे तीन आकडे असतात आणि तिन्ही खरे असू शकतात. ही भानगड एकदा समजली की पोस्टर वाचायला मजा येते.

एक तिकीट हातात धरू. मल्टिप्लेक्सचं, २३६ रुपयांचं. हा आकडा मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतलाय. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २३६ मधले ३६ रुपये सरकारचे. उरले २००. पोस्टरवर लावायचा गल्ला बहुतेकदा २३६ चा धरतात, त्याला ‘ग्रॉस’ म्हणतात. कर वजा करून उरलेल्या २०० ला ‘नेट’. आता हे २०० थिएटरवाला आणि वितरक, म्हणजे निर्मात्याचा सिनेमा थिएटरांपर्यंत पोचवणारा, यांच्यात वाटले जातात. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्समध्ये साधारण निम्मे-निम्मे, म्हणजे वितरकाच्या हाती आले १००. याला धंद्यात ‘शेअर’ म्हणतात. निर्मात्याचं घर चालतं ते या शेअरवर, आणि पोस्टरवर कधीच न छापला जाणारा आकडाही नेमका हाच.

कांद्याची पट्टी, म्हणजे बाजारात माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद, पाहिली असेल तर हे लगेच कळेल. वर एकूण रक्कम मोठी दिसते, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होत जातं आणि शेतकरी सगळ्यात शेवटच्या ओळीकडे बघतो. सिनेमाचं पोस्टर म्हणजे पट्टीची फक्त पहिली ओळ.

निम्मे-निम्मे हे कायमचं नसतं. २००९ मध्ये हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाटणीवरून जोरदार बिनसलं होतं आणि सुमारे दोन महिने मोठे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागलेच नव्हते. मग तडजोड झाली : पहिल्या आठवड्यात वितरकाला नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३०. पुढे मोठ्या स्टारच्या सिनेमांना वेगळ्या अटी मिळाल्या असतील, पण हिशेबाचा सांगाडा अजून हाच धरतात. आपल्या २३६ च्या तिकिटातले वितरकाचे पहिल्या आठवड्यात १००, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यात ६०.

आता याचा परिणाम बघा. सिनेमा जितका हळूहळू चढेल, जितका तोंडी प्रसिद्धीवर चालेल, तितका निर्मात्याचा वाटा टक्केवारीने कमी. पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणारा हिंदी सिनेमा आपली बहुतेक कमाई पन्नास टक्क्यांच्या काळात करतो. ‘अगं, तू पाहिलास का?’ करत तिसऱ्या आठवड्यात फुलणारा मराठी सिनेमा साडेसदतीस टक्क्यांच्या काळात फुलतो. म्हणजे दोन सिनेमांचा ग्रॉस सारखा असला तरी खिशातले पैसे सारखे नसतात. मराठी सिनेमाची ताकदच तोंडी प्रसिद्धीत आहे आणि वाटणीचं गणित नेमकं त्यालाच महाग पडतं. यात कोणाचं कारस्थान आहे असं मला वाटत नाही, हा व्यवहारच पहिल्या आठवड्याच्या बाजूने बांधलेला आहे.

त्यामुळे ‘शंभर कोटी’ ऐकलं की मी मनात असा हिशेब करते : शंभर ग्रॉस, म्हणजे नेट पंचाऐंशीच्या आत. त्यातला वितरकाचा वाटा, आठवड्यांच्या उतरत्या टक्क्यांनी, अडतीस-चाळीस कोटींच्या आसपास. त्यातून वजा वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च आणि ‘व्हीपीएफ’ म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’. हे शेवटचं प्रकरण फार कमी लोकांना माहीत असतं. पूर्वी रिळांची पेटी गावोगाव जायची, आता सिनेमा डिजिटल जातो. थिएटरात डिजिटल प्रोजेक्टर बसवले तेव्हा त्या यंत्रांचा खर्च निर्मात्यांकडून दर पडद्यामागे वसूल करायचं ठरलं. यूएफओ, क्यूब या कंपन्यांची नावं सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दिसतात, त्यांच्याशी जोडलेला हा आकार. लहान सिनेमाला तो फार झोंबतो, कारण हॉल भरो न भरो, पडद्याचे पैसे द्यावेच लागतात. एखाद्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये आठवडाभरात पन्नास माणसं आली, तर तिथे सिनेमा लावून निर्मात्याला उलट घरचेच पैसे घालावे लागू शकतात.

एकपडदा थिएटरची तऱ्हा वेगळी. कुठे टक्केवारी, कुठे आठवड्याचं ठरावीक भाडं, कुठे ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे वितरकाने किंवा थिएटरने आधीच ठरलेली रक्कम मोजायची आणि नफा-तोटा त्याचा. पूर्वी वितरकाचा माणूस पेटीबरोबर गावी मुक्कामाला जायचा. तिकिटांची पुस्तकं मोजायची, रात्री ‘डीसीआर’वर म्हणजे दिवसाच्या गल्ल्याच्या तक्त्यावर सही घ्यायची, हे त्याचं काम. आता मल्टिप्लेक्समध्ये तो तक्ता संगणकावरून निघतो.

मग आपल्यापर्यंत आकडा येतो कुठून? इथेच मोठी गोम आहे. कुठल्या सिनेमाने किती कमावले हे रोजच्या रोज, सर्वांसाठी जाहीर करणारी अधिकृत यंत्रणा आपल्याकडे नाही. एक तर निर्माता सांगतो, नाही तर अंदाज बांधणाऱ्या साइट सांगतात. त्या साइट तिकीटविक्रीच्या अ‍ॅपवरचे आसनांचे नकाशे ठरावीक वेळाने तपासतात. राखाडी झालेल्या खुर्च्या मोजायच्या, तिकिटाच्या दराने गुणायचं आणि जी थिएटरं अ‍ॅपवर नाहीत त्यांच्यासाठी अंदाज घालायचा. पुण्या-मुंबईतल्या मल्टिप्लेक्ससाठी हे बऱ्यापैकी जमतं. पण जिथे खिडकीवरच तिकीट फाटतं अशा टॉकीजचं काय? मराठी सिनेमाचा बराच प्रेक्षक तिथलाच. म्हणून मराठी सिनेमाच्या बाबतीत या साइटचे आकडे मी थोडे सैल धरते, दोन्ही बाजूंनी.

राखाडी खुर्चीही नेहमी विकलेली असतेच असं नाही. थिएटरने राखून ठेवलेल्या जागा अ‍ॅपवर तशाच दिसतात. शिवाय ‘ब्लॉक बुकिंग’ असतं : कंपनी, मंडळ किंवा निर्मात्याच्या ओळखीतलं कोणी अख्खा खेळ उचलतं. निवडणुका जवळ आल्या की वॉर्डातल्या महिलांसाठी मोफत खेळ लागतात, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या तिकिटांचे पैसे कोणीतरी भरलेले असतात, त्यामुळे गल्ला खोटा नसतो. फक्त तो प्रेक्षकांच्या ओढीचा पुरावा नसतो. एकावर एक तिकीट फुकट ही योजनाही अशीच. फुकट तिकिटाचे पैसे बहुतेकदा सिनेमाच्याच प्रसिद्धीच्या खात्यातून जातात आणि गल्ल्यात मात्र दोन्ही तिकिटं दिसतात. एका खिशातून काढून दुसऱ्यात.

आकडा फुगवायचा कशाला, असा प्रश्न पडेल. त्यात नुसता मिरवण्याचा भाग नाही. सिनेमा ओटीटीला आणि वाहिनीला विकताना थिएटरमधला गल्ला हा बोलणीतला मुद्दा असतो. मोठा आकडा म्हणजे मोठी मागणी. हिरोचं पुढच्या सिनेमाचं मानधनही त्यावर ठरतं. आणि गर्दीला गर्दी खेचते, हे तर लालबागच्या रांगेपासून आपल्याला ठाऊकच आहे.

जुने आणि नवे सिनेमे एकमेकांशी तोलताना तर मोठाच घोळ होतो. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला आणि शंभर कोटींच्या पार जाणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. तेव्हा जीएसटी नव्हता. महाराष्ट्रात करमणूक कर होता, तो हिंदी सिनेमांना चांगलाच लागायचा आणि मराठी सिनेमांना माफ होता. म्हणजे ‘सैराट’चा महाराष्ट्रातला ग्रॉस आणि नेट जवळजवळ एकच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही सवलत गेली. सुरुवातीला शंभरवरच्या तिकिटाला २८ टक्के होता, २०१९ पासून १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के झाला, त्यावरच्याला १८ तसाच राहिला. म्हणून आजच्या एखाद्या मराठी सिनेमाचा शंभर कोटी ग्रॉस ‘सैराट’च्या शंभर कोटींपेक्षा पंधरा कोटींनी हलका असतो. तिकिटांचे दर वाढलेत ते निराळंच. ‘सैराट’ पाहणाऱ्या डोक्यांची संख्या गाठायची तर आजच्या सिनेमाला बराच मोठा आकडा लागेल. ‘विक्रम मोडला’ हे शब्द मी म्हणूनच जरा जपून वाचते.

याच्याशी जोडलेली आणखी एक गंमत. सिनेमा गाजला की कुणी ना कुणी पुढारी तो ‘टॅक्स फ्री’ करायची मागणी करतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’च्या वेळी मध्य प्रदेश आणि गोवा सरकारने तशी घोषणा केली. महाराष्ट्रातही मागणी झाली, तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की राज्याने करमणूक कर २०१७ मध्येच काढून टाकलाय, माफ करायला तो उरलेलाच नाही. बरोबरच होतं ते. आता टॅक्स फ्री म्हणजे जीएसटीतला राज्याचा निम्मा वाटा सोडणं किंवा परत देणं, १८ पैकी ९ टक्के. केंद्राचे ९ राहतातच. तिकीट स्वस्त होतं, पण पोस्टरवरून वाटतं तितकं नाही.

‘छावा’चा विषय निघालाच आहे तर नकाशाचाही सांगून टाकते, कारण त्या काळात ‘मुंबई सर्किट’चा आकडा दाखवून ‘बघा, महाराष्ट्राने किती दिलं’ असं लोक लिहीत होते. सर्किट म्हणजे वितरणाचा विभाग. हिंदी सिनेमाच्या धंद्याचा नकाशा वेगळाच आहे, तो भाषावार प्रांतरचनेच्या आधीचा. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, ठाणे, कोकण, पुणे तर आहेतच, शिवाय गुजरात, गोवा आणि बेळगावकडचा भागही आहे. विदर्भ मात्र त्यात नाही. तो ‘सीपी बेरार’मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. मराठवाडा ‘निझाम’मध्ये, हैदराबादबरोबर. संयुक्त महाराष्ट्र होऊन साठ वर्षं उलटली तरी सिनेमाच्या वहीत नांदेड अजून निजामाच्या राज्यात आहे! त्यामुळे मुंबई सर्किटच्या आकड्यात अहमदाबाद मोजलं जातं आणि नागपूर गळतं. संभाजी महाराजांवरचा सिनेमा महाराष्ट्रात तुफान चालला हे खरंच आहे, फक्त ते सिद्ध करायला तो आकडा चालत नाही.

आता मूळ दुखणं : शो. ‘सोंगाड्या’च्या वेळची, १९७१ ची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. दादरच्या कोहिनूर थिएटरने देव आनंदच्या हिंदी सिनेमासाठी दादा कोंडक्यांच्या सिनेमाला जागा नाकारली आणि बाळासाहेब ठाकरे मध्ये पडल्यावर तो लागला. पुढे दादांचे लागोपाठ नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. त्या काळी सिनेमा आठवड्यांत मोजायचे, कोटी कोणी विचारत नसे. मला ती मोजणी जास्त प्रामाणिक वाटते, कारण आठवडे फुगवायचे तर रिकाम्या थिएटरचं भाडं खिशातून भरावं लागतं. मात्र तेव्हा एकेका शहरात सिनेमा मोजक्याच ठिकाणी लागायचा, आता एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर लागतो. पंचवीस आठवडे पुरेल इतका प्रेक्षक पहिल्या दहा दिवसांत येऊन जातो.

शो कमी मिळण्याचं गणित साधं आणि निर्दय आहे. मल्टिप्लेक्सचं पोट तिकिटाइतकंच खाण्यावर चालतं. देशातल्या सर्वांत मोठ्या साखळीचं, पीव्हीआर आयनॉक्सचं, २०२३-२४ मधलं सरासरी तिकीट सुमारे २६० रुपयांचं होतं आणि माणशी खाण्यावरचा खर्च सुमारे १३० रुपयांचा. तिकिटातला निम्मा वाटा वितरकाला जातो, पॉपकॉर्नमधला जात नाही. मग ज्या सिनेमाला माणसं जास्त येतील आणि जी खातीलही जास्त, त्यालाच संध्याकाळचा सातचा खेळ. दर सोमवार-मंगळवारी शनिवार-रविवारच्या गर्दीचा तक्ता बघून पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरतात. ज्याचे हॉल पन्नास टक्के भरले त्याचे खेळ टिकतात, ज्याचे पंधरा टक्के भरले त्याचे कापले जातात.

आता मराठी सिनेमाला पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेनऊचा किंवा दुपारी दोनचा खेळ मिळाला, तोही कामाच्या दिवशी, तर हॉल भरणार कसे? भरले नाहीत म्हणून कापले, कापले म्हणून कोणाला सापडेना. १८ जुलै २०२५ ला मराठी ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी लागले. ‘सैयारा’ला तरुणांची अशी गर्दी लोटली की काही दिवसांतच मराठी सिनेमाचे खेळ काढले जाऊ लागले आणि ते प्रकरण पक्षांच्या आंदोलनापर्यंत गेलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. थिएटरवाल्याने रिकामा हॉल चालवावा असं मी म्हणणार नाही. पण पहिले तीन दिवस तरी माणसांना येता येईल अशी वेळ द्या, आणि मग कापायचं तर कापा. परीक्षेला बसूच दिलं नाही आणि नापास म्हणून सांगितलं, हे बरोबर नाही.

सरकारचा नियमही आहे. २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सला संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी खेळ सक्तीचा करायची घोषणा केली. हिंदीवाल्यांनी गदारोळ केल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. एवढ्या ताणात नियमाचा जीव गेला. मंगळवारी दुपारी साडेबाराला खेळ लावला की कागदावर सगळं नीट.

पण मग ‘बाईपण भारी देवा’ कसा चालला? हे उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. ३० जून २०२३ ला लागला, आणि दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा झाला. सिनेमाच्या धंद्यात हे फार क्वचित होतं. एरवी दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर येणंही चांगलं मानतात. कारण काय, तर ज्या दुपारच्या वेळा मराठी सिनेमाच्या माथी मारल्या जातात, त्याच वेळा या सिनेमाच्या प्रेक्षक बायकांना सोयीच्या होत्या. भिशीचे ग्रुप, सोसायट्यांचे ग्रुप, आत्या-मावश्या-नणंदा एकसारख्या साड्या आणि काळे गॉगल घालून दुपारच्या खेळाला जायच्या. हॉल मंगळवारीही भरलेला दिसला की मल्टिप्लेक्सवाला भाषा विचारत नाही. २१ जुलैला ‘ओपनहायमर’ आणि ‘बार्बी’ आले तरी हा सिनेमा हलला नाही. आता पन्नाशीच्या बायका थिएटरला येत नाहीत असं मानून त्यांच्यासाठी सिनेमेच न काढणं, ही आपल्या निर्मात्यांची वर्षानुवर्षांची चूक होती. तो दोष मल्टिप्लेक्सच्या माथी मारता येत नाही.

तेव्हा मी काय बघते ते सांगते. पहिला शुक्रवार मी जवळजवळ सोडून देते. त्यात चाहते, ओळखीपाळखीचे आणि ब्लॉक बुकिंग असतं. बघायचा तो पहिला सोमवार. शुक्रवारच्या निम्म्याहून जास्त गल्ला सोमवारी आला तर सिनेमा लोकांना आवडलाय. शुक्रवारच्या पाव भागावर आला तर पोस्टरवर काहीही लिहा. दुसरं म्हणजे खेळ किती आणि त्यातले भरलेले किती. दोनशे खेळांतून एक कोटी आणि दोन हजार खेळांतून तीन कोटी यात पहिला सिनेमा कितीतरी जोरात चाललाय, जरी मथळा दुसऱ्याचा होणार. तिसरं, पोस्टरवर बारीक अक्षरांत ‘ग्रॉस’ आहे की ‘नेट’, आणि ‘वर्ल्डवाइड’ आहे का. परदेशातला गल्ला नेहमी ग्रॉसच सांगतात आणि त्यातला हाती येणारा वाटा आणखी कमी असतो. आणि शेवटी खर्च. चार कोटींत केलेल्या सिनेमाने बारा कोटी ग्रॉस केला तर निर्माता पुढच्या सिनेमाची तयारी करतो. बारा कोटींत केलेल्याने वीस केला तरी त्याचं पोस्टर मोठं असतं आणि तो कर्ज फेडत बसतो.

‘मग आम्ही तिकीट कधी काढायचं?’ असं मला मैत्रिणी विचारतात. मराठी सिनेमा थिएटरला बघायचाच आहे हे नक्की असेल तर पहिल्या शनिवार-रविवारीच बघा. सोमवार-मंगळवारच्या तक्त्यात तुमची खुर्ची भरलेली दिसते आणि पुढच्या आठवड्याचा खेळ त्यावर टिकतो. शिवाय त्या आठवड्यात निर्मात्याला शंभरातले पन्नास मिळतात. ‘पुढच्या आठवड्यात निवांत जाऊ’ म्हणालात तर बऱ्याचदा तो खेळ कोथरूडहून वाघोलीला आणि सातहून सव्वाअकराला गेलेला असतो.